बीपी चढण्याआधीची गोळी

गरोदरपणातलं वाढलेलं बीपी बहुधा विसाव्या आठवड्यानंतर दिसतं, पण बिघाड त्याच्या कितीतरी आधी वारेत (प्लॅसेंटात) सुरू झालेला असतो. गर्भाशयातल्या नागमोडी रक्तवाहिन्या वारेसाठी रुंद व्हायला हव्यात, त्या अरुंदच राहतात. रक्त कमी पडलेली वार जे पदार्थ सोडते, ते आईच्या रक्तवाहिन्यांना इजा करतात. हाच प्रीएक्लाम्प्सिया. मूत्रपिंड, यकृत आणि मेंदूवर परिणाम होतो, झटकेही येतात.

म्हणून धोका असलेल्या बाईला कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन बाराव्या आठवड्यापासून, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करतात. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) रक्तवाहिन्या आवळणारं थ्रोम्बॉक्सेन बनवतात, ते ही गोळी रोखते. 2017 च्या ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीत जास्त धोक्याच्या स्त्रियांना रोज रात्री 150 मिलिग्रॅम, 36 आठवड्यांपर्यंत दिली. 37 आठवड्यांआधी बाळंत व्हावं लागणारा प्रीएक्लाम्प्सिया 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आला. त्यानंतर होणारा मात्र फारसा घटला नाही. आपल्याकडे 75 च्या गोळ्या सहज मिळतात. एक की दोन, हे डॉक्टर ठरवतात.

मागच्या खेपेला हा त्रास झालेला, आधीपासून बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) किंवा जुळी, यांपैकी एकही गोष्ट पुरेशी. पहिलटकरीण, पस्तिशी ओलांडलेली, लठ्ठ, आई-बहिणीला हा त्रास झालेला, यांतल्या दोन जुळल्या तरी विचारावं. पोटात अल्सर किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावं.

कोकणात गोळी सुटते ती बहुतेक माहेरच्या वाटेवर. मुंबईत नाव घातलेली मुलगी सातव्या महिन्यात गावी येते, फाइल सासरीच राहते, गोळ्या संपतात आणि ‘बीपी तर नॉर्मल आहे’ म्हणून कोणी आणत नाही. बीपी नॉर्मल असणं हे गोळी थांबवायचं कारण नव्हे! पिशवीत कपड्यांआधी फाइल आणि महिन्याच्या गोळ्या भराव्यात, आणि आल्याच्या आठवड्यात उपकेंद्रात नोंद करावी. कॅल्शियमही चालू राहू द्यावं, फक्त लोहाच्या गोळीसोबत एकाच वेळी नको. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. सुकी मच्छी, लोणचं सोडल्याने हा आजार टळत नाही.

जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, चेहरा अचानक सुजणं, किंवा 140/90 वा त्याच्या वर बीपी: त्याच दिवशी दवाखाना गाठा. 160/110 झालं तर तासाभरात उपचार सुरू व्हायला हवेत. घाट चढून कोल्हापूरला किंवा पत्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं ठरलं, तर निघण्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, दिला गेला आहे ना, हे विचारून घ्या.