पूर्वपक्ष

पूर्वपक्ष : सिद्धान्त सांगण्यापूर्वी मांडलेले प्रतिपक्षाचे म्हणणे. मीमांसेच्या (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या) अधिकरणात, म्हणजे एकेका प्रश्नाच्या चर्चेत, विषय व संशय यांनंतर त्याचे स्थान येते.

न्यायसूत्रांत (न्याय या तर्कप्रधान दर्शनाचा मूळ ग्रंथ; काल विवाद्य, बहुधा इ. स. दुसऱ्या शतकाच्या आसपास) चर्चेचे वाद, जल्प व वितंडा असे प्रकार आहेत. वाद तत्त्वनिर्णयासाठी, जल्प जयासाठी; वितंडेत स्वपक्ष न मांडता नुसते खंडन होते. 22 निग्रहस्थाने, म्हणजे वादात पराभव ठरण्याची कारणे, सांगितली असून पहिले प्रतिज्ञाहानी (आपली प्रतिज्ञा, म्हणजे मांडलेले विधान, सोडणे) होय. ‘शब्द अनित्य आहे, कारण तो इंद्रियगोचर आहे, जसा घट,’ असे वादी म्हणतो. ‘जातीही (घटत्वासारखा सामान्य धर्म) इंद्रियगोचर आहे, पण ती नित्य आहे,’ असे प्रतिवादी दाखवितो. त्यावर ‘मग घटही नित्य असो’ म्हणताच वादी हरतो. शब्द नित्य की अनित्य, हे मात्र अनिर्णीतच राहते. मत वादात पडणे आणि ते असत्य ठरणे यांतील हे अंतर पुष्कळदा नजरेआड होते.

चार्वाकमत, म्हणजे वेद व परलोक न मानणारे जडवादी मत, आज मुख्यतः विरोधकांनी लिहिलेल्या पूर्वपक्षांतूनच कळते. सर्वदर्शनसंग्रह या विविध दर्शनांची मते मांडणाऱ्या ग्रंथाचा (चौदावे शतक) आरंभ त्यानेच होतो. 1940 मध्ये प्रसिद्ध झालेला जयराशीचा तत्त्वोपप्लवसिंह काहींनी चार्वाकांचा मानला. परंतु चार्वाक मानतात त्या प्रत्यक्षाचेही (इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाचेही) प्रामाण्य जयराशी नाकारतो. त्यामुळे त्याला स्वतंत्र संशयवादी म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

कोकण किनारा : वैदिक धर्माचे प्रचारक विष्णुबुवा ब्रह्मचारी (1825–71, मूळ आडनाव गोखले) हे कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत जमलेल्या श्रोत्यांसमोर, त्यांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. त्यांचा इंग्रजी वृत्तान्त त्याच वर्षी जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने, म्हणजे प्रतिपक्षानेच, छापला. मराठी वृत्तान्त नंतरचा. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कोणाचा कोणता मुद्दा खरोखर खंडित झाला, हे ठरविणे धाडसाचे होईल.

वेदप्रामाण्याचा कैवार घेणाऱ्या याच बुवांनी 1867 च्या ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंधा’त जमिनीची सामायिक मालकी सुचविली. मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाचा पहिला खंडही त्याच वर्षी जर्मनमध्ये निघाला. त्यामुळे या विचाराचे मूळ युरोपीय समाजवादात शोधण्याचा मोह होतो. निबंधाची मांडणी पाहता ते मूळ घरातच असावे. सगळी प्रजा एक कुटुंब, ही त्यांची प्रतिज्ञा. गावचे धान्य एका ठिकाणी साठवावे व ज्याने त्याने गरजेपुरते न्यावे, हे तिचे फलित.