रंग ठरवण्यापुरता डिझायनर

तंत्रज्ञानावर चालणाऱ्या कंपनीत शेवटचा शब्द इंजिनिअरचा असतो. आधी सर्किट जमवायचं, त्याभोवती डबा बसवायचा आणि मग ‘जरा बरं दिसेल असं काहीतरी करा’ म्हणून औद्योगिक डिझायनरला बोलवायचं. तोवर बोर्डाचा आकार ठरलेला असतो, सॉकेट कोणत्या बाजूला तेही ठरलेलं असतं. डब्याचे प्लास्टिकचे भाग ओतायचा पोलादी साचा कापून झाला असेल, तर बटण पाच मिलिमीटर सरकवणंही परवडत नाही. डिझायनरच्या हाती उरतो रंग.

डिझायनर आधीपासून सोबत असला तर काय होतं ते पाहा. 1907 साली बर्लिनच्या एईजी या वीज-उपकरणांच्या कंपनीने पेटर बेरेन्सला कलाविषयक सल्लागार नेमलं. हा मूळचा चित्रकार. त्याने आखलेल्या, 1909च्या विजेच्या किटल्या मुद्दाम पाहाव्यात. भांड्याचे तीन आकार, मोजकेच धातू आणि मुलामे. झाकणं, मुठी, बैठकी एकमेकींना चालणाऱ्या. त्यातून 80हून अधिक प्रकार जुळवता आले असते, विक्रीला आले 30. गिऱ्हाइकाला निवड मिळाली, कारखान्याच्या सुट्या भागांची यादी मात्र आटोक्यात राहिली. याला सजावट कोण म्हणेल?

आयबीएमने 1956 साली एलियट नॉइज या वास्तुविशारदाला सल्लागार म्हणून घेतलं. तो कंपनीचा नोकर झाला नाही. बाहेरचा राहून थेट प्रमुखाशी, म्हणजे थॉमस वॉटसन ज्युनियरशी बोलत असे. माझ्या मते त्याच्या यशात हा भाग रेखाटनांइतकाच मोलाचा. विभागप्रमुखाच्या हाताखालचा डिझायनर ‘खर्च वाढेल’ एवढं ऐकूनच गप्प बसतो. 1961च्या सिलेक्ट्रिक टाइपरायटरमध्ये टोकाला अक्षर असलेल्या काड्या गेल्या आणि सगळी अक्षरं अंगावर असलेला फिरता गोळा आला. कागदाचा रूळ जागेवर राहिला, गोळाच सरकू लागला. बाजूंना ये-जा करणारा रूळ नसल्यामुळे नॉइजला सगळं यंत्र एका सलग, वळणदार कवचात बसवता आलं. आतली यंत्रणा ठाऊक नसलेल्याला हे सुचलं नसतं.

डिझायनरला आधीपासून सोबत घ्यायचं, तर सुरुवात मोठा विभाग उघडून करू नये. एकच उत्पादन घ्यावं, ते वापरणाऱ्याजवळ उभं राहून पाहावं: हातमोजे घालून बटण दाबता येतं का, दिवा उन्हात दिसतो का? मग नमुना म्हणून फोमचा ठोकळा कापावा, आणि तो सर्किट पक्कं होण्याआधी. भांडणं होतीलच. डिझायनरला भिंती अगदी सरळ हव्या असतात. प्लास्टिकचा भाग साच्यातून सुटायला साधारण एक-दोन अंशांचा उतार लागतो. फोमवर हा वाद कटरने मिटतो.