यीस्ट संसर्गावरील वनस्पतिजन्य संयुगे

कँडिडा वंशाच्या यीस्टमुळे (एकपेशीय बुरशीमुळे) होणाऱ्या संसर्गांवर उपाय म्हणून वापरली किंवा अभ्यासली जाणारी, वनस्पतींपासून मिळणारी रासायनिक द्रव्ये. या संसर्गांत सर्वाधिक आढळणारी जाती म्हणजे कँडिडा आल्बिकन्स. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात व योनिमार्गातही ती असते. प्रतिजैविके, गर्भारपण, अनियंत्रित मधुमेह किंवा दुबळी प्रतिकारशक्ती यांमुळे तिची वाढ बेसुमार होते. मग तोंडात पांढरा थर धरतो किंवा योनिमार्गात खाज व आग होऊन घट्ट पांढरा स्राव जातो.

ओव्यातील थायमॉल, ओरेगॅनोतील कार्व्हाक्रॉल, लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनामाल्डिहाइड आणि टी ट्री तेलातील टर्पिनिन-४-ऑल ही यांतील बहुचर्चित नावे. थायमॉल, कार्व्हाक्रॉल यांसारखे मेदात विरघळणारे लहान रेणू यीस्टच्या पेशीपटलात शिरतात, पटल गळके होते व पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपतात. लसणातील ॲलिसिनची तऱ्हा निराळी. कॅव्हालिटो व बेली यांनी १९४४ मध्ये वेगळे केलेले हे संयुग प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी अभिक्रिया करून विकरांचे (एन्झाइमांचे) काम बंद पाडते. अखंड पाकळीत मात्र ते नसतेच; लसूण ठेचल्यावर तयार होते आणि फार काळ टिकत नाही.

काचपात्रात यीस्ट मरते एवढ्यावरून ‘नैसर्गिक औषध’ सापडल्याचे दावे सर्रास केले जातात. खरी अडचण निवडकपणाची आहे. फ्लुकोनॅझोल हे औषध बुरशीच्या पटलासाठी लागणारे एर्गोस्टेरॉल बनवणाऱ्या विकराला रोखते. त्याच प्रकारच्या मानवी विकरावर त्याचा परिणाम फार कमी होतो. थायमॉलला असा भेद नीटसा जमत नाही. यीस्ट मारण्याइतकी मात्रा नाजूक श्लेष्मल त्वचेलाही पोळू शकते. पोटातून घ्यावे, तर दारुहळदीतील बर्बेरीन व हळदीतील कर्क्युमिन यांचे शोषण अत्यल्प होते. तोंडावाटे दिलेल्या लसणाची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत योनिमार्गातील कँडिडावर ठळक परिणाम दिसला नाही.

प्रत्यक्ष औषध म्हणून रुळलेले उदाहरण आहे अनडेसिलेनिक आम्लाचे. एरंडेल तेलातील रिसिनोलिक आम्लाच्या उष्ण विघटनातून मिळणारे हे द्रव्य त्वचेवरील बुरशीच्या मलमांत व पावडरींत वापरतात. अर्थात ते लावायचे असते जाड, शिंगी थर असलेल्या कातडीवर. योनिमार्गाला असे संरक्षण नाही.

सध्या अधिक आशा जोड-उपचारांवर आहे. प्रयोगशाळेत बर्बेरीनसोबत फ्लुकोनॅझोल दिल्यास काही प्रतिरोधी वाणही दबतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या यादीत कँडिडा आल्बिकन्स व कँडिडा ऑरिस यांना सर्वोच्च प्राधान्याच्या गटात ठेवल्यामुळे अशा शोधाला महत्त्व आले आहे.

टी ट्री तेल पिणे विषारी ठरते, लावल्यावर ॲलर्जी येऊ शकते. कच्च्या लसणाने कातडी भाजल्याच्या नोंदी आहेत. तेलांमुळे लॅटेक्सचे निरोधही कमकुवत होतात. शिवाय खाज व स्राव जिवाणूजन्य विकारातही असू शकतात, म्हणून घरगुती उपाय करण्यापूर्वी तपासणी हवी. गर्भवतींच्या व मधुमेहींच्या बाबतीत तर हवीच.