चितळाच्या क्षयचाचणीला गाईचं किट का चालत नाही?

चंद्रपूर-गोंदियाकडे जंगलाला लागून असलेल्या गावांत उन्हाळ्यात गुरं आणि चितळं एकाच बोडीवर पाणी पितात. गुरांना क्षय असेल तर तो हरणांत गेला आहे का, हे कळायलाच हवं. गुरांत कातडीत ट्युबरक्युलिन (क्षयजंतूंच्या प्रथिनांचा अर्क) टोचून ७२ तासांनी सूज मोजतात. रानातलं चितळ तीन दिवसांत दोनदा पकडणं मात्र क्रूरपणाचं आहे, कारण भीतीने धडपडून त्याचे स्नायू नासतात आणि ते दगावू शकतं.

म्हणून एकदाच रक्त घ्यायचं, हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत. त्याचे चार भाग करायचे: एक कोरा, एकात गाईच्या क्षयजंतूचं ट्युबरक्युलिन, एकात पक्ष्यांच्या क्षयजंतूचं आणि चौथ्यात कोणत्याही जिवंत टी-पेशीला (रोगाशी लढणाऱ्या एका पांढऱ्या रक्तपेशीला) चेतवणारं मायटोजेन. ३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवलं की क्षयाशी गाठ पडलेल्या पेशी गॅमा इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडतात. पक्ष्यांचं ट्युबरक्युलिन तुलनेसाठी लागतं, कारण माती-पाण्यातले क्षयजंतूचे भाऊबंदही थोडाफार प्रतिसाद उठवतात.

घोळ होतो तो हे इंटरफेरॉन मोजताना. गुरांसाठीच्या किटमधल्या अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारी प्रथिनं) गाईचं इंटरफेरॉन ओळखायला बनवलेल्या असतात. गाय आणि हरीण ही कुळं कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झाली. प्रथिनाच्या ज्या छोट्या भागाला अँटिबॉडी चिकटते, नेमका तोच बदललेला असेल तर आजारी चितळही ‘निरोगी’ ठरतं. मायटोजेनचा भागही गप्प राहिला, तर तो निकाल धरायचाच नाही: एकतर पेशी मेल्या आहेत किंवा किट हरणाचं इंटरफेरॉन ओळखत नाही. (रोही म्हणजे नीलगाय हरीण नाही, गाईच्याच कुळातला आहे, तरी त्याचीही पडताळणी वेगळी करावी लागते.)

यातून सुटायला हरणाचा स्वतःचा इंटरफेरॉनचा जनुक वाचावा लागतो. त्यासाठी जिवंत जनावर लागत नाही. रस्त्यावर नुकत्याच मेलेल्या चितळाचा मांसाचा तुकडा, वनखात्याच्या परवानगीने, अल्कोहोलमध्ये ठेवला तरी भागतं. जनुकातल्या अक्षरांचा क्रम हाती आला की पेशींतला इंटरफेरॉनचा आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी निघालेली जनुकाची प्रत) पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, मोजता येतो, अँटिबॉडीची गरजच उरत नाही. प्रायमर (प्रती काढायला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) दोन एक्झॉनच्या (आरएनएत जोडल्या जाणाऱ्या जनुकाच्या तुकड्यांच्या) सांध्यावर बसवावा, म्हणजे नमुन्यात मिसळलेला डीएनए मोजला जात नाही. प्रायमरच्या ३′ टोकाशी, म्हणजे जिथून प्रत वाढत जाते त्या टोकाशी, एक अक्षर चुकलं तरी अभिक्रिया मंदावते किंवा होतच नाही. शिवाय आरएनए वाढतो आणि ओसरतो, म्हणून नमुना कितव्या तासाला घ्यायचा ते चितळासाठी नव्याने ठरवावं लागतं.

विदर्भात खरी परीक्षा उन्हाची. मे महिन्यात गाडीत ठेवलेलं रक्त तापून पेशी मरतात. बर्फात ठेवलं तर त्या प्रतिसाद देईनाशा होतात. रक्त पहाटे घ्यावं, बर्फाविना थर्माकोलच्या पेटीत न्यावं आणि शक्यतो आठ तासांत इन्क्युबेटरमध्ये (ठरावीक तापमान राखणाऱ्या पेटीत) ठेवावं.

फार खंगलेल्या जनावरात टी-पेशी थकलेल्या असतात आणि क्षय असूनही ही चाचणी नकार देते. असं चितळ मेलं तर शवविच्छेदनात घशामागच्या आणि फुप्फुसांजवळच्या लसिकाग्रंथी कापून पाहाव्यात, आणि गाठी दिसोत वा न दिसोत, तुकडे जंतुवाढीसाठी पाठवावेत.