संकटकाळातले ‘मोमा’ आणि त्याचा शिक्षण विभाग

न्यूयॉर्कचे ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’, म्हणजे मोमा, जन्मले तेच ऐन संकटात. ऑक्टोबर १९२९ च्या अखेरीस अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि ७ नोव्हेंबरला, एका व्यापारी इमारतीच्या बाराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत, सेझान, गोगँ, सरा आणि व्हॅन गॉग यांच्या चित्रांनी मोमाची सुरुवात झाली. संस्थापक तिघीही स्त्रिया. त्यांच्यापैकी लिली ब्लिस १९३१ मध्ये वारल्या. त्यांनी आपला मोलाचा संग्रह मोमाला दिला, पण आधी कायमस्वरूपी निधी उभारा, ही अट घालून. मंदीत एवढा पैसा येणार कुठून? शेवटी अट सैल करावी लागली, तेव्हा १९३४ मध्ये तो संग्रह मोमाचा झाला.

संग्रहालय टिकले ते श्रीमंतांच्या बळावर. सामान्य माणसासाठी त्याचे दार उघडण्याचे काम मात्र प्रामुख्याने शिक्षण विभागाने केले, असे मला ठामपणे वाटते. १९३७ मध्ये व्हिक्टर डी'आमिको यांच्याकडे ही जबाबदारी आली. युद्ध चालू असताना, १९४२ मध्ये, त्यांनी ‘चिल्ड्रन्स आर्ट कार्निव्हल’ सुरू केला. तिथे मुलांनी स्वतःच्या हातांनी काही घडवायचे, आईवडिलांनी बाहेर थांबायचे. पुढे त्याच्या प्रवेशद्वाराची चौकटच लहानग्यांच्या आकृतीच्या मापाने कापलेली असे. १९६३ मध्ये हा उपक्रम भारतातही आला, दिल्लीच्या बालभवनात.

पण डी'आमिकोंचे मला सर्वांत मोठे वाटणारे काम १९४४ चे. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी मोमाने ‘वॉर व्हेटरन्स आर्ट सेंटर’ उघडले. चित्रकला, मातीकाम, लाकूडकाम, दागिने घडवणे, सगळे मोफत. कुणाला कलावंत बनवणे हा हेतूच नव्हता. युद्धातून आलेल्या माणसाला साध्या आयुष्यात परतायला आधार मिळावा, एवढेच. १९४८ मध्ये हे केंद्र बंद झाले आणि त्यातूनच सर्वसामान्यांसाठीचे ‘पीपल्स आर्ट सेंटर’ उभे राहिले.

सगळेच बदल आतून झाले नाहीत. १९६९ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, ‘आर्ट वर्कर्स कोअलिशन’ या कलावंतांच्या संघटनेने मोमाला जाब विचारला: कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन कलावंत भिंतींवर का नाहीत? तिकिटाचे पैसे नसलेल्याने काय करायचे? या रेट्यामुळेच १९७० मध्ये आठवड्यातून एक दिवस मोफत प्रवेश सुरू झाला. २०१७ मध्ये सात मुस्लीमबहुल देशांच्या नागरिकांवर अमेरिकेने प्रवेशबंदी घातली, तेव्हा मात्र मोमा स्वतःहून पुढे आले. कायमच्या दालनांतली काही पाश्चात्त्य चित्रे उतरवून तिथे झाहा हदीद, इब्राहिम अल-सलाही अशा, त्या देशांत जन्मलेल्या कलावंतांच्या कलाकृती लावल्या आणि त्या का लावल्या आहेत, हे शेजारच्या पाटीवर स्पष्ट लिहिले.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे मोमा बंद झाले. थोड्याच दिवसांत कंत्राटी कलाशिक्षकांचे करार संपवण्यात आले. शाळकरी मुलांना आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना चित्रांपर्यंत नेणारे हे काम. पैशांची ओढाताण खरी असेल, पण कात्री पहिल्यांदा तिथे लागावी हे मला आजही पटत नाही. २७ ऑगस्टला मोमा पुन्हा उघडले तेव्हा पहिला महिनाभर प्रवेश सर्वांना मोफत होता. शिक्षकांचे करार मात्र तोवर संपलेले होते.