नालेसाठीची छाटणी आणि अनवाणी खुराची छाटणी

दोन्ही कामांची हत्यारं तीच: पक्कड, सुरी, कानस. घोडा उभा असताना वरून पाहिलं, तर खूर दोन्हीकडे सारखेच नीटस दिसतात. म्हणून नाल काढून घोडा अनवाणी ठेवायचा ठरला, की पुष्कळ मालक नालबंदाला नुसतं ‘खूर कापून द्या’ एवढंच सांगतात. तोही हाताला सवय असलेली छाटणी करतो. मग घोडा खडीवर बिचकत पाय टाकू लागतो आणि ‘याला नालेशिवाय जमत नाही’ असा शिक्का बसतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण अनेकदा दोष घोड्याचा नसून छाटणीचा असतो.

नाल बसवायची असते तेव्हा खुराच्या भिंतीचा, म्हणजे बाहेरच्या कठीण कवचाचा, काठ कानशीने अगदी सपाट करतात, म्हणजे लोखंड सगळीकडे सारखं टेकतं. नाल तळव्यावर दाबू नये म्हणून तळवाही थोडा कोरतात. नालेसाठी हे योग्यच आहे.

पण तोच पाय नालेविना जमिनीवर टेकला, की कोरलेला तळवा दगडावर येतो. तळव्याचा जाड थर हे अनवाणी घोड्याचं चिलखत. त्याची जाडी साधारण १५ मिलिमीटर असावी. १० मिलिमीटरच्या खाली गेली तर तो पातळच. म्हणून इथे सुरी आवरायची. आपोआप सुटणारे पापुद्रे निघाले तर निघू द्यावेत, आतला टणक भाग मात्र तसाच ठेवावा. खुरामधल्या त्रिकोणी मऊ गादीचे लोंबते, कुजके तुकडे काढले की पुरे. भिंतीच्या काठाला बाहेरून गोलाई द्यायची, कारण धारदार काठ दगडाला अडकून टवके उडतात.

नाल असो वा नसो, खरा घात लांब वाढलेला पुढचा भाग करतो. पाऊल उचलताना तो तरफेसारखा काम करतो आणि भिंतीला आतल्या भागापासून ओढतो. दोहोंमधली पांढरी रेषा (प्रत्यक्षात ती पिवळसर असते) ताणून रुंद होते, तिच्यात माती आणि बारीक खडे शिरतात, पुढे कूज धरते. खूर महिन्याला जेमतेम ६ ते १० मिलिमीटर वाढतो. पुढची भिंत वरून खालपर्यंत नवी यायला ९ ते १२ महिने लागतात, म्हणून एका बैठकीत सगळं कापून सरळ करायचा मोह टाळावा. दर ४ ते ६ आठवड्यांनी थोडं थोडं काढावं.

छाटणी झाल्यावर पाय उचलून खालून बघा. काठ सपाट, धार तीक्ष्ण आणि तळवा ताजा कोरलेला दिसला, तर ती नालेची छाटणी. काठ गोल आणि तळवा खडबडीत, न कोरलेला असेल, तर अनवाणी पायाची. मात्र खूर गरम लागला किंवा घोडा पुढच्या पायांवर भार टाकायला कचरू लागला, तर कानस बाजूला ठेवून आधी पशुवैद्यांना बोलवा.