फोमध्ये चिकन आलं कुठून?

पॅन-एशियन रेस्टॉरंटच्या मेन्यूकार्डावर रामेन, लाक्सा आणि खाउ स्वे या रस्सेदार नूडल्सच्या शेजारी हल्ली व्हिएतनामी फो, म्हणजे रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया, असतोच. मुंबई-पुण्यात तो मागवला की समोर येतो तो बहुधा चिकनचा, नाहीतर भाज्यांचा. मग टेबलावरचा एखादा जाणकार सांगतो, की अस्सल फो बीफचा, बाकी सगळी तडजोड. हे भांडण व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत, ८०हून अधिक वर्षांपूर्वीच होऊन गेलं आहे.

फो काही प्राचीन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रेंच अमदानीत, हनोई आणि तिच्या दक्षिणेकडच्या नाम दिन्ह भागात तो रुळला. फ्रेंचांमुळे गोमांसाचा खप वाढला, हाडं स्वस्तात मिळू लागली आणि रस्सा-शेवया विकणाऱ्यांनी ती उचलली. फेरीवाले कावड घेऊन फिरत. एका टोकाला शेगडीवर उकळता रस्सा, दुसऱ्या टोकाला तांदळाच्या चपट्या शेवया, वाट्या आणि मांस. फ्रेंच घराण्याचा की चिनी, हा वाद दोन्हीकडचे अभिमानी अजून घालतात. तो त्यांना लखलाभ.

चिकनचा फो पुढे आला तो १९३९च्या सुमारास. कारण असं सांगतात, की तेव्हा हनोईच्या बाजारात सोमवारी आणि शुक्रवारी गोमांस विकलं जात नसे. फोवाल्यांपुढे दोनच वाटा होत्या: आठवड्यातले दोन दिवस धंदा बंद ठेवायचा, किंवा पातेल्यात कोंबडी घालायची. बहुतेकांनी कोंबडी घातली. जुन्या खवय्यांनी नाकं मुरडली, हा फोच नव्हे म्हणाले. पण चिकनचा रस्सा स्वच्छ आणि हलका उतरतो, त्याला मसालाही बेताचा लागतो. लोकांना तो आवडला आणि राहिला. आज हनोईत निव्वळ चिकनच्या फोची दुकानं आहेत आणि त्यांना कुणी दुय्यम म्हणत नाही.

यापेक्षा कितीतरी मोठी तडजोड पुढे सरकारी अमलात झाली. १९५४ला व्हिएतनाम उत्तर-दक्षिण असा दुभंगल्यावर कम्युनिस्ट उत्तरेत खासगी दुकानं हळूहळू सरकारजमा झाली आणि धान्य-मांस रेशनवर गेलं. शेवया कधी बटाट्याच्या पिठाच्या, आणि मांसाचा पत्ताच नाही. अमेरिकेची टेहळणीची मानवरहित विमानं तेव्हा आकाशात दिसत. हनोईकरांनी या बिनमांसाच्या वाटीला नाव ठेवलं ‘वैमानिकाविना फो’. १९८६च्या आर्थिक सुधारणांनंतरच खासगी दुकानांची चूल पुन्हा नीट पेटली.

व्हिएतनामच्या या फाळणीच्या वेळी सुमारे ८ ते १० लाख माणसं उत्तरेकडून दक्षिणेत गेली आणि त्यांच्याबरोबर फोही. दक्षिणेच्या राजधानीत, सैगॉनमध्ये (आजचं हो ची मिन्ह सिटी), तो गोडसर झाला. सोबत मोड आलेल्या मुगाचे लांब कोंब, तुळशीच्या जातीची पानं, लिंबू, मिरची आणि गोड-खारट होइसिन सॉस अशी ताटली आली. हनोईकर या ताटलीकडे अजूनही तुच्छतेनं बघतात. १९७५ला सैगॉन उत्तरेच्या सैन्याच्या हाती पडल्यावर निर्वासितांनी अमेरिका, ऑस्ट्रेलिया, फ्रान्समध्ये दुकानं थाटली. त्यामुळे जगाला ओळखीचा झाला तो मुख्यतः दक्षिणेचा फो, आणि आपल्याकडच्या मेन्यूवर आहे तो त्याच वळणाचा.

महाराष्ट्रात बीफचा प्रश्न कायद्यानेच सोडवला. गाईच्या कत्तलीवर बंदी आधीपासून होती. २०१५ला ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हशी-रेड्यांचं मांस वगळलं गेलं. २०१६ला उच्च न्यायालयाने परराज्यातून आणलेलं गोमांस बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, बंदी मात्र कायम ठेवली. म्हणजे रेड्याच्या मांसाचा फो इथे करता येतो, पण फार थोडे करतात. गिऱ्हाइकाला समजावत बसण्यापेक्षा चिकन बरं.

माझ्या मते वाद घालायचाच तर मांसावर नको, रश्श्यावर घालावा. आधी हाडांना एक उकळी देऊन ते पाणी फेकायचं, मग मंद आचेवर कित्येक तास. कांदा आणि आलं थेट जाळावर काळं होईपर्यंत भाजायचं. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची कोरडी भाजून पुरचुंडीत. आपल्या गोड्या मसाल्याच्या डब्यातली अर्धी मंडळी इथे भेटतात; दगडफूल तेवढं नाही. अनेक पॅन-एशियन स्वयंपाकघरांत मात्र एकाच पातेल्यातला स्टॉक रामेनला, तिबेटी थुक्पाला आणि फोला ओततात, वरचा सॉस फक्त बदलतो. तिथे बीफ घातलं असतं तरी फरक पडला नसता.

शाकाहारी फोही भारतीयांनी काढलेला नाही. व्हिएतनामी बौद्ध चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस टाळतात. त्या दिवशीचा रस्सा मुळा, गाजर, मश्रूम उकळून होतो. २०२२पासून मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत आणि मराठी पर्यटक तिकडे बरेच जातात. त्यांनी दुकानावर ‘चाय’ ही पाटी बघावी, ती शाकाहाराची. पाटी नसेल तर नुसत्या भाज्या घातलेल्या वाटीतही बहुधा फिश सॉस असतो.